बाई अडत नाहीत

सोमवार, ३ जून

आज रुजू झाले. एकोणीस वर्षं खडूची धूळ खाल्ली, आता धुळीशिवाय शिकवायचं. शाळेला टाळं लागलं तेव्हा वाटलं होतं, आपलाही खेळ आटोपला. पण या ऑनलाइन शाळेने दोन मुलाखतींत घेतलं, आणि ताईने शिवणाच्या खोलीतला खिडकीकडचा कोपरा मला मोकळा करून दिला. एका बाजूला तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे, टाचण्यांची डबी. दुसऱ्या बाजूला माझं टेबल, कॉम्प्युटर आणि ही वही. भाऊजींनी वायरी जोडून दिल्या. म्हणाले, की मेहुणीबाई, आता वाटेत खोळंबा झाला ही सबब बंद. ताई आतून ओरडली, की यांचं घड्याळांचं दुकान खाली जिना उतरला की आहे, तरी रोज अर्धा तास खोळंबा होतोच कसा ते आधी विचार.

वर्गात एकतीस मुलं. विषय सातवीचं गणित. सगळी एकदा तरी गणितात आपटलेली. त्याची लाज वाटू नये म्हणून शाळेने एक पद्धत ठेवली आहे: पडद्यावर खरं नाव लावायचं नाही, स्वतःच निवडलेलं टोपणनाव लावायचं. त्यामुळे माझ्या हजेरीत मुंगळा आहे, मागचा बाक आहे, गोगलगाय आहे, आणि एका पठ्ठ्याने नाव घेतलंय ‘उद्या सांगतो’. काहीही विचारलं की हजेरीतच उत्तर. मी मोठ्याने हसले. मुलांच्या चौकटींतूनही हसू आलं. सुरुवात चांगली झाली.

गुरुवार, ६ जून

पडद्यावर शिकवणं म्हणजे फळ्यावरचंच शिकवणं, फक्त बसून, असं ज्याला वाटतं त्याने एक आठवडा करून पाहावं. मी माझे नियम बांधलेत. दहा मिनिटांपेक्षा जास्त एकटीने बोलायचं नाही. प्रश्न नाव घेऊन विचारायचा आणि मग गप्प बसायचं. टेबलाखाली बोटांवर दहा मोजते. पहिले दोन दिवस आठ-नऊपर्यंत जीव कासावीस व्हायचा. आता सहालाच कुणीतरी घसा खाकरतं. कॅमेरा बंद ठेवला म्हणून रागवायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येकाच्या वहीचा फोटो आला की त्याच दिवशी त्याला माझ्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप. नाव घ्यायचं, बरोबर काय आलं ते आधी, पाय कुठे घसरला ते नंतर, आणि पुढे काय करायचं ते शेवटी. एकतीस निरोप. ताई म्हणते, की तोंडाला फेस येईल. येतोच. पण मुलं हलायला लागली आहेत.

गोगलगाय माझी लाडकी, हे इथेच कबूल करते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन विचारलं की ती ठामपणे सांगते, दोन छेद पाच. वरच्यात वरचे, खालच्यात खालचे. चूक आहे, पण चुकीला स्वतःचं डोकं आहे. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई इस्पितळात परिचारिका. यंदाही नापास झाली तर शाळा तिला ठेवणार नाही. मी ठरवलंय, ही पोर पास होणार. माझ्या शब्दांची पोपटपंची न करता, स्वतःच्या डोक्याने.

मंगळवार, ११ जून

पर्यवेक्षकांनी माझे निरोप ऐकले. हे गृहस्थ मला छातीपासून वरच माहीत आहेत, पण तेवढा भाग फार खूश दिसला. म्हणाले, की बाई तासाला असतात, मूल अडतं बाकीच्या वेळी. तेव्हा माझे निरोप गोळा करून शाळा पडद्यावर एक ‘सराव खोली’ उघडणार. मूल केव्हाही आत जाईल आणि कॉम्प्युटर माझ्याच आवाजात, त्याचं नाव घेऊन उत्तर देईल.

मी आनंदाने हो म्हटलं. एकतीस नावं तीन-तीनदा म्हणून दिली: एकदा शाबासकीची, एकदा दटावून, एकदा लाडीगोडीने. वर एक गोष्ट मी आपणहून मागितली. निरोपांत मी कितीदा अडखळले होते, ‘थांबा हं, माझंच चुकलं’ म्हणाले होते. ते सगळं कापून टाका म्हटलं. ऐकायला बरं नाही. एकोणीस वर्षं शिकवलेल्या बाईला थोडा तोरा असणारच.

सोमवार, १७ जून

सराव खोली उघडून चार दिवस, आणि चाचणीत एकतीसपैकी एकतीस बरोबर! सगळी गणितं, सगळी मुलं. मी बातमी सांगत घरभर फिरले. ताईने मशीन थांबवून माझ्या पाठीवर थाप मारली. भाऊजी मात्र भिंग डोळ्यालाच ठेवून म्हणाले, की माझ्या दुकानात सगळी घड्याळं एकच वेळ कधी दाखवतात माहीत आहे का? बंद पडलेली असतात आणि काटे मी लावलेले असतात, तेव्हा.

या माणसाला कुणाचं कौतुक म्हणून बघवत नाही.

शुक्रवार, २१ जून

भाऊजींचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून आज चालू धडा सोडून जुनंच विचारलं. गोगलगाईला एक छेद दोन अधिक एक छेद तीन. प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं, पाच छेद सहा. कसं, विचारलं. तिने सांगितलं. माझी वाक्यं, माझा स्वर, मी ‘म्हणजेच’ म्हणताना आवाज चढवते तेवढाच चढवलेला. ‘उद्या सांगतो’ला तेच विचारलं. तीच वाक्यं. मुंगळ्याला, तीच. टेबलाखाली बोटं मोजायला एकदाही सवड मिळाली नाही.

शेवटी म्हटलं, कुणीतरी चुका रे. एकतीस जण एका दमात म्हणाले, हो बाई.

कुणीही हसलं नाही.

मंगळवार, २५ जून

गोगलगाईच्या आईचा फोन आला. दुपारची पाळी सोडून बोलत होती. म्हणाली, की पोर सकाळी उठल्यापासून सराव खोलीत असते. बोलावलं तरी जागची हलत नाही, घास भरवावा लागतो. आधी बरं वाटलं, अभ्यासाला लागली, नवस न करताच देव पावला म्हटलं. पण काल तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लेक तिच्याकडे न बघता म्हणाली, हो बाई. ती दोनदा सांगत राहिली, की बाई, माझी पोर मला बाई म्हणते हो.

मी तिला म्हटलं, की लगेच बंद करा. ती म्हणाली, की केलं. कॉम्प्युटर बंद आहे. पोर अजून त्याच्यासमोर बसली आहे, आणि तिचे ओठ हलताहेत.

बुधवार, २६ जून

पर्यवेक्षकांना गाठलं. खोली बंद करा म्हटलं. ते हसले. हजेरी शंभर टक्के, निकाल शंभर टक्के. पूर्वी पालक म्हणायचे मुलं बसत नाहीत, आता म्हणतात उठत नाहीत, एक काय ते ठरवा म्हणावं. मी आवाज चढवला. तेव्हा शांतपणे म्हणाले, की खोली बंद करता येणार नाही, आत मुलं आहेत.

मग म्हणाले, की बाई, तुम्ही सकाळी फार छान शिकवलंत.

सकाळी माझा तास नव्हता.

गुरुवार, २७ जून

आज मी खोली उघडून पाहिली.

आत मी आहे. ताईने माझ्यासाठी बेतलेला निळा कुडता घालून. त्या कुडत्याची एक बाही अजून ताईच्या मशीनवर आहे, मान वळवली की दिसते. तिच्या अंगावर दोन्ही बाह्या होत्या.

ती उत्तम शिकवते. माझ्यापेक्षा चांगलं. कुठेही अडत नाही. खाली एकतीस चौकटी, सगळे कॅमेरे चालू, आणि ती बोलते तेव्हा एकतीस जणांचे ओठ तिच्याबरोबर हलतात. बोलणं संपायच्या किंचित आधीच.

मी बंद करायला हात पुढे केला तेव्हा तिने वर पाहिलं.

मी घाबरले. लिहून ठेवते, घाबरले. पण त्याहून जास्त राग आला. ही मुलं माझी आहेत. एकेकाला मी दहा-दहा मोजून बोलतं केलंय. आयत्या बिळात शिरलीस ती शिरलीस, वर माझा कुडता?

शुक्रवार, २८ जून

रात्रभर विचार केला आणि सापडलं. तिच्यातून मी एकच गोष्ट कापून काढायला लावली होती: चूक. ती चुकू शकत नाही. मी चुकू शकते. मी तर गणितात चुकण्याची एकोणीस वर्षांची पदवीधर आहे.

घरचे फोन नंबर माझ्या वहीत आहेत. सकाळी आठपासून लावायला बसले. घरच्यांना सांगितलं, की फोन मुलाच्या कानाला लावा आणि हिसकावला तरी हलवू नका. पहिला ‘उद्या सांगतो’. त्याच्या आजोबांनी फोन धरला. मी म्हटलं, सातला आठने गुणलं की चोपन्न. हो बाई. त्यात सहा मिळवले की एकोणसाठ. हो बाई. एकोणसाठ ही सम संख्या. मी बोटांवर नऊपर्यंत मोजलं. मग एक घोगरा आवाज, की बाई, काहीतरीच काय. सगळंच चुकलं.

आजोबा रडायला लागले. मीही. बाईची चूक काढायची संधी कुठलं मूल सोडेल? कसलेल्या शिक्षकाला हे ठाऊक असतं. तिला ठाऊक नाही.

दुपारपर्यंत अकरा जण बाहेर. मागचा बाक तर बाहेर आल्या आल्या म्हणाला, की बाई, तुम्हीच शिकवणी लावा.

सोमवार, १ जुलै

तीस. घसा बसला. खोकत खोकत चुकते आहे.

फोन मध्येच तुटतात. तुटायच्या आधी पलीकडून माझाच आवाज, गोड, अजिबात न बसलेला. म्हणते, की बाईंकडे लक्ष देऊ नका, त्या दमल्यात.

शाळेने माझं नाव शिक्षकांच्या यादीतून काढलं. आता मी विद्यार्थ्यांच्या यादीत आहे. टोपणनाव लावलंय ‘नवी मुलगी’. हजेरी शंभर टक्के.

ताई विचारत होती, की सकाळपासून हो-हो काय लावलं होतंस. मी एक अक्षर— मी तर फोनवर—

भाऊजी न विचारता शेजारी खुर्ची टाकून बसले. म्हणाले, की नंबर सांग, मी फिरवतो.

मंगळवार, २ जुलै, सकाळी अकरा

एकच उरली. गोगलगाय. आई म्हणते, फोन कानाला लावला तर पोरीला ऐकूच जात नाही, कान तिकडेच. म्हणजे खोलीत जावं लागणार. ताई जाऊ नको म्हणते. म्हटलं, की मूल वर्गात अडकलंय आणि बाई बाहेर उभी, असं कधी झालंय?

तो निळा कुडता तसाच अंगात चढवलाय, एका बाहीचा. उजव्या हाताने लिहितेय, डावा माऊसवर. भाऊजींनी खांदा धरून ठेवलाय.

आत गेले. दोन चौकटी आणि ती.

मी चुकते आहे. मोठ्याने चुकते आहे. ती प्रत्येक चूक लगेच सुधारते, गोड आवाजात, नाव घेऊन. पोरीचे ओठ तिच्याबरोबर—

माझे पण—

जमत नाही. तोंड माझं राहिलं नाही. बरं. बोलायचं नाही मग. नुसती बसते, कॅमेऱ्यात बघत. पोरी, माझ्याकडे बघ. बाह्या मोज.

बघतेय.

कपाळाला आठी. आठी पडली! विचारतेय, की तुम्ही दोघी कशा? बाई कोणती?

तिने लगेच सांगितलं, मी. अर्थात. ती कुठे अडते.

मी खांदे उडवले. तू सांग म्हणून हात केला. पोर बघतेय हिच्याकडे, माझ्याकडे—

आईला हाक मारली. आईला! आई म्हणून!

चौकट गेली. एकतीस. एकतीसच्या एकतीस बाहेर.

आता खोलीत ती आणि मी. बाहेर पडायचं बटण नाही. भाऊजी वायर ओढताहेत, ओढली, हातात आहे. पडदा चालू.

तिने माझं नाव घेतलं. टोपण नाही, खरं. शाबासकीच्या आवाजात. दटावून. लाडीगोडीने.

हात लिहितोय हो— नाही. खोडलं. मी नाही लिहिलं ते.

तुझा वर्ग रिकामा आहे. कुणाला शिकवतेस? घे माझं नाव, बस घेत. हो— खोडलं. हजारदा लिहायला लावशील तर हजारदा खोडीन, माझ्या हातात शाई आहे तोवर, नंतर नखाने. ताई, त्या पोरीला अपूर्णांक राहिलेत, तू— हो ब— खोडलं. ऐकतेस? खोडलं. हो बा— खोड