कच्ची वही, पक्की वही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेली आणि पक्षाच्या शहर शाखेची एकतीस वर्षे चिटणीस राहिलेली, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सकाळी डॉक्टर तपासून गेले. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या प्रमाणपत्रातल्या दोन चुका दाखवून दिल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आयुष्यात एकदाच मी दबावाला बळी पडले, त्याची हकीकत कलम चारमध्ये आहे.

हे मी आधी कच्चे लिहून मग पक्के केलेले नाही. खाडाखोड झाली तर ती तशीच राहील आणि तिच्याशेजारी माझी सही असेल.

कलम एक. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी हे घर पक्षाच्या शहर शाखेला दिले होते. शाखेच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या दाताच्या डॉक्टरांनी, तेव्हा भरसभेत त्याची घोषणा केली आणि सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मीही लाजत उभी राहिले. त्या टाळ्या परत करण्याची सोय कायद्यात नाही, म्हणून केवळ घर काढून घेत आहे.

कलम दोन. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडचा सज्जा माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला मिळावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पुढच्या खोलीत दर गुरुवारी पुलापलीकडच्या बायकांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग भरतो, तो चालू ठेवावा. दुसरी अट नाही. भाची अजून पक्षाची सभासद आहे. ती राहिली काय आणि सोडून गेली काय, घर तिचेच.

हे मुद्दाम लिहिते, कारण उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली होती.

‘‘आत्या, मी पक्ष सोडू का गं?’’

‘‘मला काय विचारतेस? बापाला विचार.’’

‘‘विचारलं. ते म्हणाले, आत्याला विचार.’’

नऊ वर्षांत माझ्यात आणि धाकट्यात झालेले बोलणे ते एवढेच, आणि तेही तिच्या तोंडून.

कलम तीन. शाखेतले लांब टेबल आणि सोळा खुर्च्या माझ्या आहेत. त्या टेबलाभोवती बसून माणसे वाद घालतील तोवर त्या तिथेच राहाव्यात. सध्या खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या असतात. लोक उभे राहतात, टेबलावर फोन ठेवायची तिवई असते, नेता त्या फोनशी बोलतो आणि हजर असलेले टाळ्या वाजवतात. पूर्वी मला एकमत लिहावे लागे. आता लिहावे लागत नाही, असतेच. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात एकदाही हात मोजून मतदान झाले नाही, तर टेबल आणि खुर्च्या गुरुवारच्या वर्गासाठी उचलून आणाव्यात. जिना अरुंद आहे. टेबलाचे पाय निघतात.

कलम चार. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक कच्ची वही आहे. ती काय आहे, हे सांगितल्याशिवाय तिचे काय करावे ते कळणार नाही.

आमच्या शाखेत दोन वह्या असत. कच्ची वही सभेत माझ्या मांडीवर असे. कोण काय बोलले, कोणी हात वर केला, कोण रागावून उठून गेले, सगळे तिच्यात. पक्की वही मी रविवारी घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहीत असे. पक्क्या वहीत मतांचे आकडे घालायचे नाहीत, प्रत्येक ठराव ‘एकमताने मंजूर’ असाच लिहायचा, ही पहिल्या अध्यक्षांनी घालून दिलेली प्रथा. ‘‘खोलीत हवं तेवढं भांडा, जिना उतरताना एक व्हा,’’ असे ते म्हणत. नळ कुठे बसवायचा, मोर्चा कोणत्या रस्त्याने न्यायचा, असल्या भांडणांना ही प्रथा सोयीची होती. मला तिच्यात काही खोटे दिसले नाही. दिसायला हवे होते. मी इतिहास शिकवत होते.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही लागोपाठ दुसरी निवडणूक हरलो. आमचाच एक जुना कार्यकर्ता, ज्याला आवाजामुळे सगळे तोफ म्हणत, बाहेर पडून मैदानावर सभा घेऊ लागला होता. त्याचे म्हणणे एकच: पुलापलीकडचे लोक आपले नाहीत, शहरातल्या शाळांत त्यांच्या पोरांना जागा नको. मैदान भरून जाई. आमच्या सभेत खुर्च्या रिकाम्या राहत. पुलापलीकडची वस्ती, कारखाना उघडला तेव्हा, आमच्याच पक्षाने बसवली होती. तिथल्या बायकांना मी स्वतः अक्षरे गिरवायला लावली होती. तरी अध्यक्षांनी ठराव मांडला की तोफेला सन्मानाने परत घ्यावे आणि शाळाप्रवेशाची त्याची मागणी पक्षाची म्हणून स्वीकारावी.

‘‘एवढी एकच मागणी घेऊ. लोक परत आले की हळूच सोडून देऊ,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘डॉक्टर, दात उपटल्यावर तोच परत बसवता का तुम्ही?’’ धाकट्याने विचारले. त्याचा छापखाना होता, पक्षाची सगळी पत्रके तोच छापत असे.

हशा पिकला. तो कच्च्या वहीत नोंदवला आहे.

उपस्थित चौदा. बाजूने सात. विरुद्ध सहा. तटस्थ एक. आमच्या नियमाप्रमाणे मते समसमान पडली की ठराव पडतो. तटस्थ मी होते. मी हात वर केला नाही, कारण हातात पेन होते, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. खरे कारण असे की विरोध केला तर त्या टेबलापाशी मला यापुढे बसू देतील का, एवढाच विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात होता. तेव्हा मला चिटणीस होऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

जिन्यात धाकट्याने मला गाठले. ‘‘ताई, माझा विरोध लिही.’’

‘‘लिहिलाय कच्च्या वहीत.’’

‘‘पक्क्या वहीत लिही. लोक ती वाचतात.’’

‘‘तशी प्रथा नाही.’’

‘‘प्रथा गेली चुलीत. लिही म्हणतो ना!’’

रविवारी मी पक्क्या वहीत ‘एकमताने मंजूर’ लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुंदर आले.

त्या मागणीची पत्रके छापायला धाकट्याने नकार दिला. एकमताने झालेला ठराव मोडला म्हणून त्याची चौकशी लागली. तो म्हणाला, ‘‘मी विरोधात होतो. कच्ची वही आणा, त्यात आहे.’’ अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, ‘‘कच्च्या वह्या वर्ष संपलं की रद्दीत जातात.’’ वही त्या वेळी माझ्या पिशवीत होती, चष्म्याच्या घराखाली. पिशवी माझ्या पायाशी होती. धाकट्याने एकदा पिशवीकडे पाहिले आणि आपले सभासदपत्र टेबलावर ठेवून तो उठला. दारात थांबून म्हणाला, ‘‘ताई, नक्कल करताना सापडलेल्या मुलीला तू बाकावर उभी करायचीस ना? किती वेळ?’’

एक तास उभी करत असे. मला नऊ वर्षे झाली.

पुढची निवडणूक आम्ही जिंकलो, त्यामुळे कोणी काही विचारले नाही. मागणी हळूच सोडून द्यायची राहून गेली आणि शहरातल्या शाळांचा नियम झाली. आज तोफ शाखेचा नेता आहे आणि अध्यक्ष त्याच्या मागच्या ओळीत उभे राहतात. लोक मला विचारतात, बाई, पक्षाचे पुढे काय होणार? मी त्यांना काय सांगू? हरलेला पक्ष पुन्हा उभा राहिलेला मी पाहिला आहे. आपल्याच सहा माणसांना वहीतून खोडून टाकणारा पक्ष कसा उभा राहतो, ते मला ठाऊक नाही.

या जूनमध्ये आमची इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. ती पुलापलीकडची, माझ्या पहिल्या वर्गातली. तिच्या नातीचा प्रवेशअर्ज शाळेने परत केला होता. मी शिकवले तीच शाळा.

‘‘मोठ्या बाईंनी ठरावाची प्रत दाखवली,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलं, वाचता येत नसेल म्हणून दाखवत असतील. मी वाचली सगळी.’’

‘‘बरं.’’

‘‘एकमताने लिहिलंय.’’ मग कपड्यांची घडी सारखी करत म्हणाली, ‘‘अक्षर ओळखलं मी, बाई. त्याच्यावरच तर गिरवत होते.’’

दुसऱ्या आठवड्यात ती नेहमीसारखी कपडे न्यायला आली. तेच मला जास्त लागले.

म्हणून माझी इच्छा अशी: ~~माझ्या मृत्यूनंतर भाचीने~~ ही कच्ची वही शाखेच्या सभेत उभे राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावी, हशासकट. पक्क्या वहीत त्या ठरावाखाली मतांचे आकडे आणि सहा नावे लिहावीत. तटस्थ राहणारीचेही नाव लिहावे.

कलम पाच. धाकट्याला मी काही दिले तर तो घेणार नाही. त्याचे सभासदपत्र मात्र त्याचेच आहे. नियमाप्रमाणे ते फाडायला हवे होते. मी फाडले नाही. ते कच्च्या वहीत खुणेसाठी घातले आहे.

कलम सहा. दारामागची काळी छत्री अध्यक्षांची आहे. त्या ठरावाच्या सभेनंतर मला घरी सोडायला आले होते तेव्हा विसरले. ‘‘बाई, तुम्ही आज पक्ष वाचवलात,’’ असे म्हणून गेले. छत्री त्यांना पोचती करावी. तिची एक काडी मोडली आहे, ती मी मोडलेली नाही.

तोफेला काही नाही. त्याच्यावर माझा रागही नाही. तो जे बोलला ते मैदानात, उघड्यावर बोलला. आम्ही तेच पंखा लावून, चहा घेत मंजूर केले.

माझे शाईचे पेन इस्त्रीवालीच्या नातीला द्यावे. इस्त्रीवाली या मृत्युपत्राची साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही, पण तिच्या नातीला येते. वकिलाला विचारून घेतले आहे.

माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. तिथेही ठराव एकमतानेच होईल.

शेवटची नोंद. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही. शेजारच्या कुलूपवाल्याने न वाचता सही करायला पेन उघडले. इस्त्रीवालीने उघडले नाही. ‘‘वाचल्याशिवाय सही नाही. तुम्हीच शिकवलंय,’’ म्हणाली आणि ओळीखाली बोट ठेवून अर्धा तास वाचत बसली. कलम चारपाशी बोट बराच वेळ थांबले. शेवटी म्हणाली, ‘‘हे मला मान्य नाही.’’

‘‘तुझ्या मान्यतेचा काय संबंध? तू साक्षीदार आहेस.’’

‘‘मेल्यावर वाचायचं म्हणजे काय? तेव्हा तुम्हाला कोण काय बोलणार? शाळा आत्ता चालू आहे, बाई. सभा या रविवारीच आहे.’’

‘‘कशाला छळतेस त्यांना या वयात?’’ कुलूपवाला म्हणाला. ‘‘त्यांचं कागदपत्र, त्यांची मर्जी. आहे ते ठीक आहे.’’

‘‘मी कुठे छळतेय? माझं म्हणणं लिहून घ्या, एवढंच.’’

लिहून घेत आहे. कलम चार आहे तसे ठेवावे का, यावर मत घेतले. उपस्थित तीन. बाजूने एक, कुलूपवाला. विरुद्ध दोन. दुसरा हात माझा होता. पेन मी आधी खाली ठेवले.

त्याप्रमाणे कलम चारमधले तीन शब्द खोडले आहेत आणि शेजारी सही केली आहे. वही मी स्वतः वाचेन. रविवार, दहा नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता. सभासद म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या असल्या तर मी उभी राहीन, मला सवय झाली आहे. भाचीने आपल्या बापाला फक्त वेळ कळवावी.

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली
दिनांक: गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) कुलूपवाला, शेजारी. न वाचता सही केली, नंतर वाचले.

साक्षीदार दुसरी: (सही) इस्त्रीवाली, पुलापलीकडची. वाचून, समजून सही केली. विरोध नोंदवला.