गोदीचा आठवा दिवस

ता. ५ जाने. १९२६, धरणगाव
चावडीवर देवी टोचायला बसलो. कुत्रं फिरकेना. बायकांनी पोरं कपाशीच्या ढिगाआड लपवली. शेवटी उठलो, अक्काची गोदी घरातून उचलून आणली नि सगळ्यांदेखत टोचली. मामा घरच्या पोरीला टोचतो म्हटल्यावर गल्ली आली. अक्काची सासू तेवढी कडाकडा बोटं मोडत होती. मोडू दे म्हातारीला!

ता. १२ जाने.
आठवा दिवस. दंडावर फोड धरला का, पाहून लिहायचं. गल्लीतली पोरं पाहिली, छान धरलेत. अक्काकडे नाही गेलो. म्हातारीची बडबड कोण ऐकणार? शिवाय भडगावला पोचायचं. घरचीच पोर, धरला असणार. तसं लिहून टाकलं.

ता. ८ मार्च
अक्काचा निरोप, गोदीला ताप. धावत गेलो. तोंडभर देवी. दंड पाहिला. गुळगुळीत. वण नाही.
म्हातारी रडत म्हणाली, "माताना कोप व्हई म्हनीसन मीच ते औशद पुसी टाकं रे भाऊ. तू गल्लीबाहेर गया नि पुसी टाकं."
अक्का एवढंच, "आठ दिनमा देखाले येसू सांगं व्हतं तू. का बरं नई उना?"
आलो असतो तर पुन्हा टोचता आलं असतं. दोन मिनिटांचं काम.

ता. १३ मार्च
गोदी गेली. तिचा दंड दाखवून ज्यांना टोचलं ती सगळी पोरं अंगणात खेळतायत. माझी गोदी

ता. २ एप्रिल
गावात एकच बोलणं: टोचली तरी पोर गेली, मग टोचून उपयोग काय? साथ पसरतेय, पोरं कुणी बाहेर काढत नाही. खरं सांगावं तर नोकरी जाईल. अक्का म्हणते, "सांगी टाक. पन मनी सासूनं नाव नको लेऊ." तिला त्याच घरात दिवस काढायचेत. म्हणजे नाव माझं एकट्याचं. बरोबरच आहे, पाहायचं काम माझं होतं.

ता. ३ एप्रिल
चावडीवर बसून राहिलो. दुपारी अक्काची शेजारीण आली, कडेवर तान्हं. लांबूनच विचारलं, "गोदीले टोचेल व्हती ना, भाऊ? फोड येल व्हता ना?"
मी पाहिलंच नाही, एवढंच म्हणायचं होतं. मेल्या, बोल की! नाही बोललो. ती तान्ह्याचं तोंड पदरानं झाकून निघून गेली.
तिचं घर ठाऊक आहे. उद्या सकाळी जातो. जायलाच हवं.