तंबाखूचं सूप

आरोहीचे पप्पा,

तुमी पुण्याला गेल्यापासनं मी घरीच विड्या वळते, हे तुमाला सांगितलं न्हाय. पोरीच्या दम्याचा पंप लई महाग हाय, त्यासाठीच वळते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात तंबाखू आहे का?" मी म्हटलं, "कुणी ओढत न्हाय." खोटं न्हाय की. पण तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं की ती खोकायला लागते.

पंप परवा संपला. हजार विड्या झाल्या की नवा आणू म्हटलं. आज सकाळपासनं तिच्या छातीतली शिट्टी थांबलीय, खोकलाबी न्हाय. बरं वाटलं, म्हणून लिहायला बसले. नखं तेवढी निळी दिसतायत. थंडीनं असतील.

मे महिन्यात सोलापुरात थंडी कुटनं येणार हो?

पत्र ऱ्हाऊ दे. रिक्षा बघते.

यशोदा