रुक्मिणीबाईंचे पिवळे पट्टे

आबा,

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची डोळ्यावरची पट्टी सोडली की किरण तुम्हाला दुपारी घरी आणील. तुम्हालाच वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितेय. खिचडी कुकरमध्ये आहे. चार वाजता डोळ्यात थेंब टाकायचे आहेत, किरणला आठवण करा.

टीव्हीजवळचं तुमचं इंजिन आज तुम्हाला दिसेल. तुमच्या कारखान्यातल्या रुळांवर धावणाऱ्या छोट्या विलायती डिझेल इंजिनासारखं हुबेहूब, तुम्ही दोन वर्षं पितळ कापून घडवलेलं. त्याच्या तोंडावरचे पिवळे-काळे पट्टे आईंनी रंगवले होते. दिवाळीच्या साफसफाईत त्यावर तेलकट चिकटा दिसला, म्हणून मी थिनरचा बोळा फिरवला. आईंचे पट्टे बोळ्यावर निघून आले. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी रंग आणून पट्टे पुन्हा काढले. तुम्ही रोज बोटं फिरवून विचारायचात, "प्रियांका, रुक्मिणीचे पट्टे आहेत ना गं जागेवर?" मी रोज "हो आबा" म्हणायचे. तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणूनच म्हणू शकले. माझे पट्टे जाड आलेत, आणि शेवटचा तर वाकडाच गेलाय.

किरणला यातलं काही माहीत नाही, त्याला बोलू नका.

मला इच्छापोरच्या माझ्या कंपनीत आज सुट्टी मिळत होती, आबा. मीच घेतली नाही. तुम्ही इंजिन हातात घ्याल तेव्हा समोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. सातला येते. काय बोलायचं ते बोला, पण जेवून घ्या.

प्रियांका