जीपच्या आतला आवाज

२ नोव्हेंबर, रविवार

तं सगळ्यात आधी आली शेजारची सिंधूताई. पाहुणे दहाले येणार होते, ही नऊलेच हजर. साखर मागाले आली म्हणे, पण हातात वाटी नाही. मी समजली. माझ्या नातीले, नूपुरले, पाहाले कोणी येऊन राहिलं असं तिच्या डोक्यात बसलं होतं. मी सांगतलं, नूपुरले नाही वं, नूपुरच्या जीपले पाहाले येऊन राहिले. तिले वाटलं मी लपवून राहिली. बसूनच राहिली.

मंग ते दोघं आले. गौरांग आणि वैभवी, नवराबायको, नाशिककडचे. पाखरांचे आवाज यंत्रात भरून घेतात. त्याचा अभ्यास असते म्हणे. मी म्हटलं, आमच्या पेरूच्या झाडावर पोपटांचा बाजार भरते, तेही भरून न्या. तं हसले. चांगले लोक आहेत. हिवाळाभर त्यांले उमरेडकडच्या तळ्यांवर फिराचं आहे. लहान जीप भाड्यानं पाहिजे, चिखलात घुसणारी, पण आतून शांत. चालता चालता दूरचं पाखरू ऐकू आलं पाहिजे.

नातीनं ही जुनी जीप घेतली तेव्हा घरात कोणीच काही बोललं नाही, मी सोडून. पण आता माझीही आहे ती. नाव नूपुर आणि काम आवाज बंद कराचं, हे एक नवलच.

कृष्णकांतनं, म्हंजे माझ्या मुलानं, पोरीले आधीच सांगून ठेवलं आहे. हे काम मिळालं तं जीप ठेव, नाही तं पुण्याची नोकरी धर. पुण्याले सतरा तारखेपर्यंत हो-नाही कळवाचं आहे. नूपुर गेली तं या घरात माझ्याशी बोलाले कोण राहीन? कृष्णकांत पेपर वाचते. सूनबाईचं डोकं दुखते, माझ्याजवळ बसली की जास्तच. डोळे तपासून घे म्हणून किती वेळा सांगतलं.

ट्रायलले मीही मागे बसली. पाहुण्यांले एकटं पाठवणं बरं दिसत नाही. दिघोरीपासून उमरेड रोडवर पार पुढपर्यंत त्यांले सगळं सांगतलं. जीप कशी घेतली, माझे गुडघे, कन्हानची माझी बहीण तारा. ती इतकी बोलते की समोरच्याले श्वास घेऊ देत नाही, तिच्या घरी जाणं म्हंजे सजा आहे. वैभवीच्या हातात आवाज मोजाचं मीटर होतं, गौरांगजवळ आवाज भराचं यंत्र. उतरल्यावर गौरांग म्हणाला, आतमधे आवाज फार होतो हो. नूपुरचं तोंड एवढंसं झालं. सोळाले पुन्हा येऊन मोजतो म्हणाले. संत्री बांधून दिली.

ठराव: हा आवाज मी काढून दाखवीन.

३ नोव्हेंबर, सोमवार

रुपराव मिस्त्री आला. आल्या आल्या म्हणते, आजी, जीप हाय ते, आवाज नाही करन तं काय करन, शांत पाहिजे तं सायकल घ्या. नूपुर ऐकणारी नाही. स्वतः खाली घुसली. इंजिन ज्या रबरांवर बसते ते रबर वाळून दगड झाले, म्हणून इंजिनची धडधड सगळ्या पत्र्यात उतरते, असं निघालं. मी म्हटलं, मिक्सरखाली फडकं ठेवलं की ओटा थरथरत नाही, तसंच ना? मंग मिक्सर कधी घेतला, आधीचा कसा जळाला, तेही सांगतलं. रुपराव पाना चालवत मधात मधात "हाव आजी, हाव आजी" म्हणत होता. म्हंजे त्याले पटून राहिलं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नूपुरनं सीटा काढून अंगणात मांडल्या. प्रत्येक आवाज वेगळा धराचा म्हणे. धडधड इंजिनची, गूं टायरची, शिट्टी दरवाज्याच्या फटीतून, फडफड टपाच्या कापडाची. एक किणकिण मात्र सापडत नव्हती. ती मी शोधली. मागच्या सीटखाली माझा अडकित्ता निघाला. तिथं कसा गेला देव जाणे. जुन्या गाडीचं असंच असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

आज एक मोठं काम हातावेगळं केलं. नूपुर फोम आणाले सीताबर्डीले गेली. निघता निघता गेटातून म्हणाली, आजी, अंगणातलं ते काळं पोतं डंपिंगचं आहे. एवढं बोलून गेली. मी पोतं उघडून पाहिलं. डांबरासारखे काळे, चिकट, वासाडे तुकडे, एका अंगाले चांदीचा कागद. जुन्या जीपमधून काय काय घाण निघते बाप्पा. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. पोतं इतकं जड की सिंधूताईले हाक मारली. दोघींनी मिळून चढवलं. गाडीवाला म्हणे, हे घ्याचं का? मी म्हटलं, डंपिंगचं आहे ना, घे.

पोरीच्या डोक्यावरचा एक भार कमी झाला.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

ते नवीन होतं.

बाहेरगावाहून कुरिअरनं मागवलं होतं. पत्र्यावर चिकटवलं की पत्रा थरथरत नाही. त्याले डॅम्पिंग म्हणतात. डंपिंग नाही. मी म्हटलं, मंग तोंड उघडून नीट बोलाव, या नागपुरात डंपिंग म्हटलं की भांडेवाडीशिवाय दुसरं काय आठवते माणसाले? नूपुरनं तसंच स्कूटर काढली आणि भांडेवाडीले गेली. अंधार पडता परत आली. पोतं कचऱ्याच्या डोंगराखाली गेलं होतं. हातपाय धुतले, जेवली नाही, खोलीत गेली.

मले ओरडली असती तं बरं झालं असतं. सिंधूताई आता सगळ्यांले सांगून राहिली की तिनं फक्त एक कोपरा धरला होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नूपुर बोलत नाही. घरात इतकी शांतता आहे की वैभवीचं मीटर लावलं तं शून्य दाखवन.

ठराव: आजपासून मी बोलणार नाही. जीपच्या भानगडीत तं बिलकुलच नाही. हे सिंधूताईले सांगाले गेली, तं तिकडेच दुपार झाली.

९ नोव्हेंबर, रविवार

नवीन माल अठराच्या आधी येत नाही. पाहुणे सोळाले येणार.

दुपारी नूपुर फोनवर होती. मी कान देत नाही कोणाच्या फोनले, पण दाराजवळ माझी काठी राहिली होती. "हो सर, सतरापर्यंत नक्की कळवते," म्हणाली. मंग टेबलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग काढली. धूळ पुसली. पलंगावर उघडी ठेवली. आत काही भरलं नाही, नुसती उघडी ठेवली.

खिचडी समोर होती ती तशीच राहिली. कृष्णकांत पेपराच्या मागून म्हणाला, पुणं काही परदेश नाही आई. त्याले काय माहीत. पुण्यात हिले संध्याकाळी पाय चेपून कोण मागन आणि हिले गोष्ट कोण सांगन?

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर विचार केला. मिक्सरखाली फडकं. इथून सुरुवात केली आणि सकाळी पेटी उघडली.

गोधड्या काढल्या. एक माझ्या आईच्या लुगड्यांची. एक लग्नातल्या शालूची, तिचा एक पदर नूपुरच्या झबल्यांचा आहे. सगळ्या जीपजवळ नेऊन ठेवल्या. म्हटलं, टाक पत्र्यावर, मी काही म्हणत नाही. नूपुर म्हणाली, आजी, अशानं नाही होत, याले चिकट आणि जड लागते. चार दिवसांनी पहिलं बोलली. मंग एक गोधडी उचलली, वजन पाहिलं, टाके पाहिले. झबल्यांच्या पदरावर हात फिरवत बसली.

मी दुसरी गोधडी झटकून तिच्यासमोर धरली.

"कापणार नाही," ती म्हणाली. "घडी घालून दाबून टाकते. वरून रबराची मॅट."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रुपरावनं इंजिनचे नवे रबर बसवले. दरवाज्यांच्या फटींतही रबर गेलं. इंजिन आणि सीटा यांच्या मधातल्या पत्र्यावर फोम. टप ताणून बांधला. खाली माझ्या गोधड्या. रुपराव म्हणे, आजी, ही जीप नाही राहिली, पाळणा झाला. त्याचा टोमणा होता. मी चहात साखर कमी टाकली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नूपुर आणि रुपराव ट्रायल घेऊन आले. मले न सांगता गेले, मी आंघोळीले होती. परत आली तं पोरीचे डोळे चमकून राहिले होते. आजी, गेअर टाकल्याचाही आवाज ऐकू येते आता, टिटवी ओरडली तीही ऐकू आली. मी सोबत नव्हती तरी इतकी शांत झाली, म्हंजे सगळा गुण गोधड्यांचा.

बॅग अजून पलंगावर उघडी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठराव: उद्या पाहुण्यांसमोर जास्त नाही बोलाचं. फक्त गोधड्यांबद्दल सांगाचं, कारण ते त्यांले कोण सांगन?

१६ नोव्हेंबर, रविवार

आले. सिंधूताई त्यांच्याही आधी आली, या वेळी वाटी घेऊन.

नूपुर हळूच म्हणाली, आजी, तू घरी थांबतेस का? मी म्हटलं, गोधड्या सरकल्या तं कोण पाहीन? बसली मागे. वैभवीच्या मांडीवर मीटर, गौरांगच्या हातात आवाज भराचं यंत्र. जीप अशी निघाली जशी लोण्यावरून. मी त्यांले कोणती गोधडी कुठं आहे ते सांगत गेली, मंग आईचं लुगडं कुठल्या बाजारातलं, मंग ओघानं तारा.

दिघोरी सोडली तं वैभवीचा चेहरा पडला. आकडा खाली यायचं नाव नाही. नूपुर आरशातून पाहून राहिली होती. हळू चालवलं, आकडा तोच. खडबडीत कच्च्या रस्त्यावर घेतली, तोच. शेवटी एका बाभळीखाली थांबवली आणि इंजिनच बंद केलं.

तरी आकडा तोच.

वैभवी मीटर ठोकून पाहाले लागली. मी तिले सांगत होती की आमच्या जुन्या मिक्सरचंही बटण असंच बंद व्हायचं नाही. तेव्हा गौरांगनं माझ्याकडे पाहिलं. मंग नूपुरकडे. मंग यंत्राचं मोठं हेडफोन माझ्या कानावर चढवलं.

आत एक बाई बोलून राहिली होती. दम नाही, थांबा नाही. जीप कुठं असन तं असन, ऐकू येत नव्हती. आवाज हुबेहूब ताराचा. मी म्हटलं, ही तं आमची तारा, तुमच्या यंत्रात कशी शिरली?

"आजी," गौरांग लय नम्रपणे म्हणाला, "ही आजची. आणि दोन तारखेचीही आहे माझ्याजवळ. दोन्हीत त्याच आहेत."

नूपुर खाली उतरली. चाकाजवळ बसली आणि इतकी हसली की डोळ्यातून पाणी. वैभवीही हसली. मीही हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोर हसली, कारण विचारत कोण बसते. मी पाणी प्याले खाली उतरली तेवढ्यात त्यांनी एकदा मीटर लावून पाहिलं. वैभवी म्हणाली, अरे वा.

पण पक्कं नाही केलं. तळ्यावर पहाटे एक खरी फेरी घेऊ, मंग सांगू, म्हणाले. नूपुरनं पुण्याले आठवडाभराची मुदत मागितली. बॅग माळ्यावर नाही गेली, पलंगाखाली गेली.

झोपताना माझ्या पायाशी बसून म्हणाली, आजी, रविवारी तारा आजीकडे जाशील का? एकच दिवस. तिले बरं वाटन.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा घेताना आठवलं. तारा त्या जीपमधे कधी बसलीच नाही.

कृष्णकांतले सांगणार होती. तो पेपर वाचून राहिला होता. नाही सांगतलं. सिंधूताईले सांगणार होती. कुंपणापर्यंत गेली, परत आली. सूनबाईनं विचारलं, आई, तब्येत बरी आहे ना, इतक्या गप्प काहून? तिचं डोकं दुखून नव्हतं राहिलं.

शनिवारीच कन्हानले जाते. ताराचं सगळं ऐकून घेईन. बसमधे कोणाशी बोलणार नाही, निदान कामठीपर्यंत.

पाहुणे तेवीसले, रविवारी, सकाळी सहाले येतो म्हणाले आहेत.