नावाचं कडवं

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
निर्णय पक्का. बाबांच्या गाण्याची चोरी आजपासून बंद.
काल मोबाईलवर 'पाटी घे गं माय' दिसलं. चांदूर बाजारची गायन पार्टी, गायक कोणी धम्मदीप. गाणं माझ्या बाबांचं, देवरावांचं. अकोल्याच्या मिलमध्ये पाळी संपली की लिहायचे, भीमजयंतीला गायचे. दोन लाख लोकांनी पाहिलं म्हणे. मला कोणी विचारलं? वारस कोण? मी, धर्मपाल, एकुलता.
शेवटच्या कडव्यात बाबांनी स्वतःचं नाव घातलंय : 'देवराव सांगे बाई, पोर शाळेत धाडा'. धम्मदीपनं तेही जसंच्या तसं गायलं. पुरावा हातात आहे.

५ फेब्रुवारी
कॉपीराइटचा कायदा वाचला. कवी गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसाचा. बाबा २००९ मध्ये गेले, म्हणजे २०६९ पर्यंत मी मालक. तेव्हा माझं वय एकशे तीन. मुदत फार कमी आहे. कायदा बदलला पाहिजे, कायमचा हक्क पाहिजे. दिल्लीला पत्र लिहायला घेतलं. नमुना इंटरनेटवरून उतरवला.
भावना (माझी लेक, लॉचं दुसरं वर्ष) म्हणे, जो कायदा कोणीच पाळत नाही तो बदलावाच लागते बाबा, पण उलट्या बाजूनं. लिहिणाऱ्याचं नाव घेऊन गायलं तर मोकळीक द्यावी. तिला म्हटलं, तू अभ्यास कर. तिचं पुस्तक झेरॉक्सचं आहे. मीच काढून आणलं, अख्खं, स्पायरल बाइंडिंगसकट. शिक्षणाची गोष्ट वेगळी असते.

९ फेब्रुवारी
यूट्यूबच्या तक्रारीसोबत पूर्ण गाणं लिहून द्यायचं ठरवलं. मला दोनच कडवी आली. बाकीची धम्मदीपचा व्हिडिओ थांबवून थांबवून लिहिली.
घरी बाबांची वही नाही, कॅसेट नाही. मिलची खोली सोडताना मीच थैलीसकट रद्दीत दिल्या. नवीन नोकरी होती, साहेब घरी येणार होते, ती थैली बरी दिसत नव्हती.
हे इथं लिहायची गरज नव्हती.

१४ फेब्रुवारी
माय म्हणे, गाऊ दे नं बापा, कावून त्याहिच्या मांगं लागला. तिला ब्याऐंशी वर्षं झाली, कायदा कुठून कळणार. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नाही, जुनी रीत. रोज सकाळी भावनाच्या मोबाईलवर हे गाणं लावायला सांगते आणि शेवटचं कडवं आलं की हात वर करून सगळ्यांना गप्प करते.
म्हटलं, माय, त्याच नावासाठी लढून राहिलो मी.

२ मार्च
जिंकलो! व्हिडिओ काढून टाकला. लगेच आणखी तीन पार्ट्यांना रजिस्टर पोस्टानं नोटीस : अकोला, अंजनगाव, धारणी. एकीत नमुन्यातलं 'सदर चित्रपट' तसंच राहून गेलं. चालते. धाक महत्त्वाचा.
पैसे मला नकोत. लेखी अर्ज करावा, मी परवानगी देईन. नवं आवक रजिस्टर आणलं, रेघा मारल्या. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावकला होतो, अर्ज कसा घ्यायचा ते मला कोणी शिकवू नये.

२० मार्च
अर्ज : निरंक. पोस्टाचा घोळ असणार.
माय सकाळी गाणं मागते. सांगितलं, नेट नाही.

६ एप्रिल
अर्ज : निरंक. लोक घाबरले, हेही यशच. दिल्लीचं उत्तर नाही, पत्र वरच्या टेबलावर गेलं असेल. भावना माझ्याशी बोलत नाही. परीक्षा जवळ आली असेल.
माय भाजी निवडताना गाणं गुणगुणते. नावाशी आली की थांबते, मग पुढची ओळ घेते. नेट कधी येते, विचारत होती.

१२ एप्रिल
धम्मदीपचा फोन. फार नम्र बोलला. जयंतीले या काका, आईलेही घेऊन या. मला वाटलंच होतं. जाहीर माफी असणार, शालही असेल. कोट इस्त्रीला दिला. उत्तरादाखल दोन शब्द बोलावे लागतील, मोठ्या मनानं माफ करतो असं म्हणणार.

१४ एप्रिल, संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये
चांदूर बाजारला पहिल्या रांगेत बसवलं. दुपारी गाणं सुरू झालं. माय पदर सावरून बसली. तिसरं कडवं संपलं, तिनं हात वर केला, आणि ढोलकी थांबली. टाळ्या झाल्या. दुसरं गाणं लागलं. मायचा हात बराच वेळ वर होता.
मी उठून स्टेजच्या मागे गेलो. विचारलं, नाव कुठं आहे. धम्मदीप हात जोडून म्हणाला, वकिलानं सांगितलं काका, नाव आलं की गानं तुमचं ठरते, नोटीस येते. म्हनून तेवढं कडवं काढलं. आता साऱ्याच पार्ट्या असंच गाऊन राहिल्या, धारणीपरेंत. त्याला वाटलं मला बरं वाटेल, म्हणूनच बोलावलं होतं.
म्हटलं, परवानगी दिली, नाव घ्या. तो म्हणाला, लेखी द्या. कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहून सही करून दिली. त्यानं घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, आमचं ठीक आहे, पन बाकीच्याइचं मी काय सांगू. पोरंही नवीन आहेत, त्याइले गानं एवढंच माहीत आहे.
लाज वाटली. दुसरा शब्द नाही.
बसमध्ये मायनं विचारलं, त्याहिचं नाव कोनं काढलं रे.
म्हटलं, चोरं लय झालेत, माय.
ती म्हणाली, चोर तं नाव घेत होते.