घट्ट बांधलेली ताडपत्री

३ मार्च
धावपट्टीचा खरवडून काढलेला जुना थर आज डांबराच्या प्लँटवर आला. काळा डोंगरच! तीस टक्के हा माल, बाकी नवा — त्याचा चाचणीचा पट्टा विमानं वळतात तिथे टाकायचा. टिकला, तर अख्ख्या धावपट्टीला हेच मिश्रण. नवरा म्हणतो, "जुनंच परत टाकायचं, मग तू तिथे करतेस काय?" दोन वर्षं प्रयोगशाळेत डोकं फोडतेय, ते हेच!

४ मार्च
आभाळ भरून आलं. प्लँट चालवणारे काका म्हणाले, "अगं, ढीग उघडा राहू दे, वारा लागू दे." ऐकते कोण! ताडपत्री घालून चारी बाजूंनी घट्ट बांधून घेतली.

९ मार्च
पाऊस आलाच नाही, उलट पाच दिवस कडक ऊन. ताडपत्री तशीच ठेवून लागेल तसा माल उपसला. पट्टा टाकला. देखणा झालाय.

१२ मार्च
पट्ट्यातले खडे सुटताहेत. बुटाच्या टोकानेसुद्धा! एखादा विमानाच्या इंजिनात गेला तर? साहेब म्हणाले, "जुना माल कायमचा बंद. परवा बैठकीत सांगतो."

१३ मार्च
ताडपत्री पूर्ण काढली. आतून थेंब टपकत होते. जमिनीची ओल उन्हाने वर आली आणि आतच कोंडली. भट्टीची सगळी उष्णता पाणी उडवण्यात गेली, डांबराने खडी धरलीच नाही. माल चांगला. चूक माझी. काका शेजारीच उभे होते. "सांगितलं होतं ना," एवढं तरी म्हणायचं!

१४ मार्च
बैठक. मी तोंड उघडायच्या आत काका उभे राहिले — "साहेब, ओला माल मीच भट्टीत घातला. मालाला बोल लावू नका." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चूक माणसाची ठरली तरच पुन्हा चाचणी होईल. मी चार महिन्यांत निवृत्त होतोय. तुझं सगळं पुढे आहे." आणि मी गप्प बसले. गप्प! लाज वाटते स्वतःची.

१५ मार्च
काकांना घरी बसवलं. अहवाल माझ्या सहीसाठी आलाय. कारण: 'प्लँटचालकाचा हलगर्जीपणा'.

१७ मार्च
ती ओळ खोडली. तिथे माझं नाव लिहिलं, ताडपत्रीची हकिगत लिहिली, साहेबांच्या हातात नेऊन दिलं.

१९ मार्च
दुसरा पट्टा मंजूर! काका सोमवारपासून प्लँटवर. साहेबांनी मागितलेल्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या मी आज परत केल्या.